यांची नोकरी बदलली की घर हलते, माझी बदलली की अपडाउन

बायांनो, डोकं जाम तापलं आहे, म्हणून लिहून राहिली.

आज दुपारी अमरावतीच्या एका कॉलेजातून फोन आला. लॅबमधली नोकरी मिळाली, पगारही इथल्या शाळेपेक्षा बरा. मी धावतच सासूबाईंना सांगितलं.

"चांगलं झालं बाई," त्या म्हणाल्या. "अकोल्याहून अमरावती काई लांब नाई. सकाळची गाडी पकडत जाय, अपडाउन कर."

नवऱ्यानं मोबाइलमधून मानही वर काढली नाही. "लोकं करूनच राहिले ना," म्हणे.

यांची नोकरी अमरावतीहून अकोल्याला आली, तेव्हा आठवडाभरात टेम्पो दारात उभा होता. कपाट, भांडी, तुळस, सासूबाई, सगळं इकडे आलं. माझी तिथली नोकरी तेवढी तिथंच राहिली. तेव्हा अपडाउन हा शब्द कोणाच्या तोंडून निघाला नाही.

मी विचारलं, "मंग तवा तुमी काहून नाई केलं अपडाउन?"

आता मान वर आली. "मले झेपलं असतं का रोजचं?"

बायांनो, अकोल्यात कोणाच्या ओळखीचा टेम्पोवाला आहे का? यांचा रेल्वेचा पास मी स्वतः काढून देते.