आईनं पास केलेलं ब्रेसलेट

आमच्या बाबांनी नोकरीभर रूळ बनवले, स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये. आणि आईनं संसारभर त्यांना एकच टोमणा मारला, "साऱ्या देशाचे रूळ बनवले तुमी, मले काय बनवून देलं जी?" भाजी निवडताना मारला, पाहुण्यांपुढे मारला, एकदा तर दुर्ग स्टेशनवर फलाटाखालच्या रुळांकडे बोट दाखवून मारला. बाबा हसून टाळायचे. रिटायर झाल्यापासून मात्र हसेनासे झाले.

म्हणून मागच्या हिवाळ्यात मी पॉलिमर क्ले, म्हणजे ओव्हनमध्ये भाजून पक्की होणारी माती, मागवली आणि आई मावशीकडे बोरसीला गेली त्या दिवशी बाबांना म्हटलं, "आईले ब्रेसलेट बनवून द्या. तुमच्या हातानं."

बाबांनी आधी नकारार्थी मान हलवली. पण मी लाटणं हातात दिलं आणि खेळ सुरू झाला. "रोलिंग तं माझंच काम हाय," म्हणत त्यांनी ती माती अशी एकसारखी लाटली, की माझ्या पोळ्यांना लाज वाटावी. दहा चौकोनी टाइल्स कापल्या. गेटजवळच्या कडुनिंबाचं पान वर दाबून उचललं, तर शीर न् शीर उमटलेली! बाबा उडालेच. मग काय, फ्रिजमधली कोथिंबीर आली, मेथी आली, कुंडीतली तुळस आली. आम्ही दोघं वेड्यासारखे खिदळत होतो. टूथपिकनं दोऱ्यासाठी भोकं पाडली आणि टाइल्स ओव्हनमध्ये सरकवल्या.

अर्ध्या तासानं काढल्या, निवल्या. बाबांनी एक उचलली आणि काडकन मोडली.

"बाबा!"

"टेस्ट पीस. टेस्ट केल्याबिगर माल पास होते का? पाह्य, आतून कच्ची हाय."

खरंच कच्ची होती, त्यामुळे मला धड भांडताही येईना. उरलेल्या नऊ पुन्हा भाजल्या, थोड्या जास्त. पुन्हा एक मोडली. ही आधी वाकली, मग तुटली. "सुधरून राहिला माल," साहेब खूश. तिसऱ्यांदा भाजून काढल्या, निवल्या आणि त्यांचा हात पुन्हा पुढे आला, तेव्हा मी ट्रेवर आडवीच पडले. क्ले संपली होती. आठ टाइल्स उरल्या होत्या आणि आईच्या मनगटाला आठच लागत होत्या.

"बिना टेस्टचा माल मी आजवर बाहेर जाऊ नाई देला," बाबा म्हणाले. चेहरा एवढासा झाला होता. मला वाटलं, हा माणूस आता ते ब्रेसलेट कपाटात लपवणार. मी घाईघाईनं इलॅस्टिकमध्ये टाइल्स ओवल्या, गाठ मारली, तेवढ्यात गेट वाजलं.

"काय करून राहिले तुमी दोघं?" आई दारात.

बाबा उभे राहिले. "तुयासाठी बनवलं. पण टेस्ट नाई झाली."

आईनं ब्रेसलेट घेतलं. कडुनिंबाच्या पानावरून बोट फिरवलं. मग एक टाइल दोन्ही अंगठ्यांत धरली आणि सरळ वाकवली. बाबांनी डोळे मिटले. टाइल वाकली, सोडल्यावर पुन्हा सरळ झाली.

"पास," आई म्हणाली आणि हात आत घातला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, "हे भाऊसाहेबांनी बनवलं? रेल मिलवाल्यांनी?" बाबा व्हरांड्यात पेपर धरून बसले होते, पान उलटत नव्हते.

"हाव," आई मनगट उंच करून म्हणाली. "रूळ काय जी, कोणीबी बनवते."