शाईच्या डागांवरची झाडं

नगररचना खात्यातल्या नकाशेभाऊंचा हात सुरेख होता, फक्त शाई त्यांचं ऐकत नसे. नकाशावर डाग पडला की ते खिशातून झाडाचा रबरी शिक्का काढून त्यावर ठोकत. डाग गायब, झाड हजर! कागदावर शहर हिरवंगार, साहेब खूश. त्यातलं एकही झाड कधी लावलं जात नसे, त्यामुळे कोणाचं काही अडतही नसे.

मग एक उन्हाळा असा तापला की चपला डांबराला चिकटायला लागल्या. वरून हुकूम सुटला, नकाशात जिथे झाड, तिथे जमिनीवर झाड.

खड्डे खणणारी माणसं नेमकी भाऊंच्याच फाटकासमोर येऊन थांबली. आत अंगणात भाऊंची मोटार होती. सारा जन्म बसमध्ये उभं राहून काढल्यावर परवाच आणलेली, सीटवरचं प्लॅस्टिकही अजून तसंच.

"अहो, इथे झाड लावलंत तर गाडी बाहेर कशी काढू?"

"नकाशा तुमचाच ना?" मुकादम म्हणाला.

भाऊ तडक साहेबांकडे गेले.

"चुकलं असेल तर सांगा, आत्ता खोडतो," साहेब म्हणाले. "पण मग तुमची सगळीच झाडं तपासावी लागतील. तोवर काम बंद."

भाऊंना दवाखान्याचं दार आठवलं. नकाशात तिथेही शाई सांडली होती, आणि तिथेच बायका पोरं कडेवर घेऊन उन्हात रांग लावत. भाऊंना गाडीचा फार मोह होता, खोटं कशाला बोला!

"चूक नाही साहेब. विचार करूनच काढलंय."

घरी बायकोला खरं सांगितलं, तर ती हसून हसून बेजार. "जन्मभर तुमच्या शर्टांवरची शाई घासली मी. शिक्का मला द्यायचा होतात!"

मोटार अंगणातच राहिली. संध्याकाळी दोघं तिच्यात बसून चहा पितात. लहर आली की बायको हॉर्न वाजवते.

भाऊ ऑफिसला चालत जातात. परवा दुपारी दम लागला म्हणून ते दवाखान्यापाशी थांबले. तीन पावसाळ्यांत वाढलेल्या झाडाची सावली जेमतेम दोघांपुरती. तिथे बसलेल्या आजी सरकल्या.

"बस बाबा. कोणीतरी अगदी जागा बघून लावलंय हो."

भाऊ बसले, आणि शाईने माखलेली बोटं त्यांनी हळूच खिशात घातली.