हजेरीत नसलेली चाचणी

मला एक सांगा, विश्वास ठेवायचा तर कोणावर? सगळं ठीक आहे म्हणणाऱ्या माणसावर, की सगळं ठीक आहे म्हणणाऱ्या मशिनवर? डिचोलीच्या बाजारात मी आधी वजनाचे साधे काटे विकले, मग इलेक्ट्रॉनिक काटे, मग त्या काट्यांना जोडायचे प्रोग्रॅम. उत्तर अजून सापडलेलं नाही. किस्से मात्र साचलेत, दुकानाच्या मागच्या खोलीत जुन्या वायरी साचतात तसे. एक ओढायला जावं तर चार गुंतून बाहेर येतात!

त्या मागच्या खोलीत दोघं बसायची. सुषमा पेडण्याहून बसने यायची, प्रोग्रॅम ती लिहायची. रूपेश दोडामार्गहून मोटरसायकलवर यायचा, बिल्ड तो सांभाळायचा. बिल्ड म्हणजे लिहिलेल्या मजकुरातून चालता प्रोग्रॅम तयार करण्याचं काम.

आणि त्या काजूच्या हंगामाच्या तोंडावर आम्हा तिघांची मान एकाच माणसाच्या हातात होती. लाटंबार्से गावचे गोपाळबाब. गावकऱ्यांच्या काजूबिया एकत्र विकत घेण्याचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं, त्यासाठी काटा आणि प्रोग्रॅम आमचा घेतला होता, आणि देवळासमोर उभं राहून सांगितलं होतं, "ह्या मशिनीचें वजन खरें, हांव सांगतां." पहिल्या दिवशी वजन चुकलं असतं, तर लोकांनी गोणी उचलून दुसऱ्याच्या दारात नेल्या असत्या. गोपाळबाबांचा शब्द गेला असता, मागोमाग माझं दुकान!

*

प्रोग्रॅम बरोबर चालतो की नाही हे तपासायला सुषमाने चाचण्या लिहिल्या होत्या. वजनाची एक, पावतीची एक, वीज गेल्यावर काय होतं त्याची एक. पण सगळ्या एकाच मोठ्या प्रोग्रॅममध्ये कोंबलेल्या.

गोपाळबाब बघायला आले. रूपेशने बटण दाबलं. पहिलीच चाचणी कोसळली आणि स्क्रीन गप्प!

"बाकीच्यांचें किदें?" गोपाळबाबांनी विचारलं.

"बाकीच्यो चालल्योच नाय," रूपेश म्हणाला. "पयली पडली की सगळाच थांबता."

गोपाळबाबांनी चष्मा काढला. "एका पॅसेंजराक गाडी लागली म्हूण सगळी बस परत स्टँडार व्हरतात?"

त्याच दुपारी ठरलं. प्रत्येक चाचणीचा वेगळा प्रोग्रॅम. एक पडला तरी बाकीचे चालले पाहिजेत.

*

वेगळा प्रोग्रॅम म्हटल्यावर प्रत्येकाचं नाव बिल्डला हाताने सांगायचं. सुषमा चाचणी लिहायची, सांगायची विसरायची. मग रूपेशवर डाफरायची. मग रूपेश तिच्यावर.

शेवटी रूपेशने बिल्डलाच शिकवलं. "चाचण्यांच्या फोल्डरात जी फाइल दिसात, तिचो आपणहून प्रोग्रॅम कर आणि चालव. कोणाक विचारू नको."

दुसऱ्या दिवशी बघतो तर स्क्रीनवर चाचण्यांची ही रांग! मी खूश. लगेच गोपाळबाबांना फोन लावायला निघालो. सुषमाने रिसीव्हर धरला.

"शेट, थांबा. नावं तरी वाचा."

वाचली. 'वजन'. 'वजन जुनं'. 'वजन शेवटचं'. 'वजन शेवटचं आता नक्की'. काही बदलण्याआधी फाइलची एक नक्कल बाजूला ठेवायची, ही रूपेशची सवय. न जाणो, लागेल! बिल्डने इमानाने सगळ्यांचे प्रोग्रॅम केले होते.

"ह्या काही चाचण्या नव्हेत," सुषमा म्हणाली. "रूपेशला दर वेळी फुटलेला घाम आहे!"

*

नकला काढल्या. मग नवीनच संकट. आता प्रोग्रॅम वेगवेगळे, म्हणून रूपेशने सगळे एकदम सोडले. वेळ वाचतो म्हणे!

मी पुढे गिऱ्हाइकाला काटा दाखवत होतो. साखळी गावचे किराणावाले, चोखंदळ माणूस. काट्यावर त्यांनी नारळ ठेवला. आकडा स्थिर होईना. शून्य, मग वजन, मग पुन्हा शून्य!

"हो नारळ काय श्वास घेता?" त्यांनी विचारलं.

मी आत धावलो. मागच्या खोलीतली वायर त्याच काट्याला जोडलेली. आतून सगळ्या चाचण्या एकदम त्या काट्यावर तुटून पडलेल्या. एक म्हणते वजन दे, दुसरी म्हणते शून्य कर!

"रूपेश, काटा एक आहे!"

"शेटनू, प्रोग्रॅमांक रांग ठावक नाय."

"मग आपल्याच गावचे ते!" मी म्हणालो. हसलो, पण गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. काटा लागणाऱ्या चाचण्या त्या दिवसापासून एकामागून एक.

*

खरेदीच्या आदल्या सकाळी गोपाळबाबांचा फोन. "शेट, लोक दोन तरांच्यो गोणी हाडटात. गोणपाटाच्यो आनी प्लास्टिकाच्यो. कापतात कितलें?"

आम्ही सरसकट गोणपाटाचंच वजन कापत होतो. प्लास्टिकची गोण हलकी. म्हणजे प्रत्येक प्लास्टिकच्या गोणीमागे शेतकऱ्याच्या बियांनाच कात्री! आणि गोपाळबाबांनी देवळासमोर शब्द दिलेला.

सुषमाची रीत अशी, की आधी चाचणी लिहायची, मग दुरुस्ती. तिने प्लास्टिकच्या गोणीची चाचणी लिहिली आणि बटण दाबलं.

सगळं हिरवं, म्हणजे सगळ्या चाचण्या पास.

"वा!" मी म्हणालो. "म्हणजे आधीपासून बरोबरच होतं!"

सुषमाचा चेहरा पांढराफटक. "शेट, मी अजून काहीच दुरुस्त केलेलं नाही. हे लाल पडायला हवं. हिरवं कसं?"

पुन्हा दाबलं. हिरवं. पंखा फिरत होता, नाश्त्याचे उंडे पाव आणि भाजी टेबलावर निवत होती. कोणी हात लावेना. आजवर जे जे हिरवं बघून आम्ही निश्चिंत झालो, त्यातलं खरं किती?

रूपेश कपाळाला हात लावून उठला. "ती चाललीच नाय! बिल्डान फोल्डराची हजेरी सुरवातीक एकदाच घेतली. मागसून इलेल्या फायलीक तो वळखीतच नाय!"

त्याने बिल्डला बजावलं, दर वेळी फोल्डर नव्याने बघ. आणि शेवटी सांग, फायली किती, प्रोग्रॅम किती, चालले किती. बटण दाबलं.

लाल!

आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. नेमके तेव्हाच गोपाळबाब दारात! फोनवर माझा आवाज ऐकून त्यांना राहवलं नव्हतं.

"तांबडें पडलां, आनी तुमी ताळयो वाजयतात? फाल्यां खरेदी! पिशें लागलां काय तुमकां?"

सुषमाने त्यांना खुर्ची दिली, सगळं सांगितलं. मग दुरुस्ती केली. संध्याकाळची बस चुकायच्या आत स्क्रीन हिरवी झाली. गोपाळबाब सगळं बघत होते.

*

खरेदीची सकाळ. लाटंबार्सेच्या मांडवात काटा, कॉम्प्युटर, आणि गोणी घेतलेल्या लोकांची रांग. रांगेत सगळ्यात पुढे एक म्हातारी, प्लास्टिकची गोण पायाशी धरून. सुषमाने सगळं पुन्हा तपासलं. हिरवं. मी म्हटलं, "गोपाळबाब, करूया सुरू."

गोपाळबाबांनी काट्यावर हात आडवा धरला.

"बाय, पयलीं तांबडें दाखय."

"तांबडं?" सुषमा दचकली. "सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांमुखार. चूक धरता तें लोकांक दिसूं दी."

रांग पुढे सरकली. सुषमाने माझ्याकडे पाहिलं, मी रूपेशकडे, रूपेश जमिनीकडे! शेवटी तिने कालची दुरुस्ती काढली आणि बटण दाबलं. लाल. रांगेत कुजबुज. दोघांनी गोणी खांद्यावर घेतल्यासुद्धा! तिने दुरुस्ती परत घातली. पुन्हा बटण. हिरवं.

म्हातारीने ते लाल पाहिलं, हिरवं पाहिलं. मग कोणाला न विचारता आपली गोण स्वतःच काट्यावर ठेवली.

तुमच्याकडे काय चालतं, मला ठाऊक नाही. पण एक विनंती. फायली किती आणि चालल्या किती, तेवढा हिशेब मात्र खरा ठेवा.