अक्काची आखाजी

अक्काच्या बोलण्यात तिचं वय पंधराच्या पुढे कधी गेलंच नाही. ती माझी आई. पण काका-आत्या तिला अक्का म्हणत, म्हणून आम्ही भावंडंही अक्काच म्हणायचो. तिनं साठ वर्षं जळगावात संसार केला, चार मुलं वाढवली, आमच्या वडिलांचं शेवटचं आजारपण काढलं. त्यातलं ती काही सांगत नसे. गोष्ट निघाली की ती माहेरची, पारोळ्याची, आणि तिच्यात अक्का परकरातली.

मला आकड्यांशिवाय चैन पडत नाही. मी मध्येच विचारायचो, "हे कोणत्या सालातलं?"

"कपाशी चांगली उनी ते साल."

"आणि पोरी किती होतात तुम्ही?"

"बठ्ठ्या."

बठ्ठ्या म्हणजे सगळ्या. हिशेब तिथंच संपायचा. मात्र विहिरीवर कोणाची घागर कोणी फोडली, किल्ल्याच्या खंदकाजवळ शेण वेचताना कोण घसरली आणि घरी काय खोटं सांगितलं, हे सगळं तिला पाठ होतं.

सगळ्यात रंगायची ती आखाजी. अक्षय तृतीयेला आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात. तिच्या वेळी नाल्याच्या दोन्ही काठांवर पोरी जमायच्या आणि एकमेकींना मनसोक्त शिव्या द्यायच्या. त्या दिवशी कोणी रागवायचं नाही. सत्तरी ओलांडलेली अक्का स्वयंपाकघरात बसल्या बसल्या आवाज चढवून दाखवायची, "तुना नवरा वाळेल वांगं!"

नातवंडं विचारायची, "मग समोरून काय यायचं?"

"तुले सासू खाष्ट भेटो!"

"मग?"

"भेटनी ना!" म्हणून ती पदर तोंडाला लावून हसायची.

पंधराव्या वर्षी लग्न होऊन ती जळगावात आली. लेकीनं आपल्या पायांनी माहेरी जायचं नाही, तिकडून कोणी न्यायला यायला हवं. त्याला मूळ येणं म्हणतात. तिचा धाकटा भाऊ, आमचा नानामामा, मिसरूड फुटायच्या आधीपासून बैलगाडी घेऊन यायचा. पुढे एसटीनं येऊ लागला. दोघं म्हातारी झाली तरी दर आखाजीला हा दारात उभा राहून म्हणायचा, "चाल व बाई." आणि बसमध्ये खिडकीची जागा कोणाची यावरून दोघांचं स्टँडवरच भांडण सुरू व्हायचं.

शहाऐंशी सालच्या हिवाळ्यात नानामामा गेला. पारोळ्याच्या घराला कुलूप लागलं. त्याचा एकुलता मुलगा अशोक सुरतेला लूमवर कामाला होता.

आखाजी जवळ आली तशी अक्कानं सवयीनं पिशवी भरली. मी म्हणालो, "मी नेतो ना. एरंडोलवरून दीड तासाचा तर रस्ता."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "अरे, तू तं सासरना माणूस शे. तुनासंगे मी माहेरले कशी जाऊ?"

माझी बायको हसली. "अहो अक्का, तुमचा पोटचा मुलगा तो!"

"पोटना शे व. पण घर कोणतं शे त्यानं?"

मी सुरतेला जाऊन अशोकला सांगून आलो. तो डोळे पुसत म्हणाला, "भाऊ, आत्याला सांगा, मी येतो. घर उघडतो."

आखाजीच्या सकाळी अक्का न्हाऊन, धुतलेलं पांढरं लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसली. पुरणपोळीचं ताट पुढे केलं तर म्हणाली, "माहेरी जेवसू." सुरतेची गाडी येऊन गेली. ऊन ओट्यावरून उतरून रस्त्यावर गेलं. रिक्षा थांबली की ती पदर सावरायची. दिवेलागणीला तिनं स्वतःच म्हटलं, "मालकनी सोडं नही व्हई. पोऱ्या गुणी शे." आणि ते खरंच होतं, मालकानं ऐन वेळी सुट्टी नाकारली होती. तिनं पिशवी रिकामी केली आणि गार झालेली पोळी खाल्ली.

त्यानंतर तिनं पारोळ्याची एकही गोष्ट सांगितली नाही. मी मुद्दाम विचारायचो, "अक्का, ती खंदकात घसरलेली कोण होती?"

"आता याद नही, बेटा."

श्रावण लागायच्या आत ती गेली. बाई गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. अशोकला तार केली आणि आम्ही थांबलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. काखेत कागदाचं पुडकं. दुकानदारानं कशासाठी म्हणून विचारलं, तेव्हा "आत्याला माहेरचं लुगडं न्यायचंय" एवढंच त्याच्या तोंडून निघालं होतं. पुढचं सांगवलं नव्हतं. त्या माणसानं हिरवंगार, लाल काठाचं लुगडं बांधून दिलं, नव्या सासुरवाशिणीला देतात तसं.

पुडकं उघडलं तशा बायका कुजबुजल्या. "विधवाले हिरवं?" अशोक उंबऱ्यातच थिजला. "बदलून आणू का?" त्यानं विचारलं.

माझ्या धाकट्या काकूनं, अक्काच्या जावेनं, ते लुगडं त्याच्या हातातून घेतलं आणि घडी मोडली.

"बदलू नको रे. आता ती माहेरले चालनी. तठे ती पोरच शे."

बायकांनी तिला ते हिरवं लुगडं नेसवलं. निघताना तिरडीचा पुढचा खांदा माझा होता, तो मी अशोकला दिला.