बाबांच्या हाताला लागलेला चांद्या

अंगारे-धुपारे, बाहेरचं-बिहेरचं... यातलं मी कधीच काही मानलं नाही. वाशिमला शाळेत विज्ञान शिकवतो, मानून चालणारही नव्हतं. तरी इथे लिहितोय, कारण घरात हे कोणाशी बोलता येत नाही.

आमचं गाव अनसिंगजवळ. मागच्या हिवाळ्यात बाबांना लकवा झाला. चालणं सुधारलं, पण उजवा हात गेला... हलत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही. आई रोज संध्याकाळी तो हात मांडीवर घेऊन चोळायची आणि विचारायची, "लागते काय?" बाबा नाही म्हणायचे. तिचं तोंड उतरायचं.

फिजिओथेरपिस्टने आरसा दिला. डावा हात आरशात असा दिसतो, की मेंदूला वाटतं उजवाच हलतोय. बाबा म्हणाले, "हा तं माहा डावाच हाये. मले काय येडा समजता?" शेवटी तो आरसा दाढीच्या कामी आला.

मग पोळा आला, आमच्या चांद्या बैलाचा सण. आदल्या दिवशी आमच्याकडे बैलाचा खांदा तूप-हळदीने शेकतात आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. आई अडून बसली. "खांद मालकाच्याच हातानं शेकाव लागते. मालकाचा हात गेला हे चांद्याले कायले कळू देता?" म्हणून बाबांना खुर्चीवर बसवलं, त्यांचा हात दुपट्ट्याखाली झाकला आणि मी मागे बसून माझा हात त्यांच्या बगलेतून पुढे काढला. फसवायचं होतं बैलाला.

पळसाच्या पानाने मी ऊन-ऊन तूप चोळू लागलो. चांद्याने मान हलवली, घुंगरं वाजली. बाबा त्या हाताकडे एकटक बघत होते.

"ऊन लागून राह्यलं रे," ते म्हणाले.

माझा हात थांबला.

"थांबू नको. अजून खाली... नाई, तिथं नको दाबू. गाठ हाये, दुखते त्याले."

मी तिथपर्यंत पोचलोच नव्हतो! पान टाकून बोटांनी चाचपलं. खांद्याखाली, कातडीच्या घडीत, बोराएवढी गाठ. गुरांचे डॉक्टर म्हणाले, नवीनच आहे. आणि बाबांनी तर लकव्यापासून चांद्याला हात लावलेला नाही.

ऊब लागली ते समजण्यासारखं आहे, असं फिजिओथेरपिस्ट म्हणाला. डोळे आणि कान मिळून मेंदूला सांगतात, आणि मेंदू ऐकतो. गाठीचं विचारलं तर त्याने पुढच्या पेशंटला हाक मारली.

आई म्हणाली, "मंग माहा हातई लागन." पुन्हा तोच दुपट्टा, तोच मी मागे. तिने माझा हात बाबांचा समजून दोन्ही हातांत धरला. बांगड्या वाजल्या. बाबांनी त्या हाताकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"लागलं," म्हणाले.

आई खूप रडली. मग डोळे पुसून चहा ठेवायला आत गेली, तेव्हा बाबा हळूच म्हणाले, "चांद्याचं लागलं होतं. हिचं नाई लागलं. सांगू नको तिले."

गाठ कशी कळली, ते एक वेळ सोडा. बैल कळलेल्या हाताला आई का कळली नाही?

आई मात्र येईल-जाईल त्याला सांगते, "त्याईले आता माहा हात कळते." मी शेजारी बसलेला असलो तर माझ्याकडे बघते. मी हो म्हणतो.