एकेचाळीस नंबरचं माप

आधीच सांगतो मंडळी, माझ्या गाडीला लिंबू-मिरची नाही आणि घरात कुणी दृष्ट काढलेली मला खपत नाही. माझं सगळं काम गेजवर, म्हणजे मापाच्या ठोकळ्यावर चालतं... माप बसलं तर बसलं, नाही तर नाही. गेली एकोणीस वर्षं मी राज्याबाहेरच्या एका आर्मी वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन आर्मोरर आहे. वर्दी नाही, सॅल्यूट नाही. जवानांच्या बिघडलेल्या रायफली दुरुस्त करायच्या, एवढंच. जवान आम्हाला माहीत नसतो आणि जवानाला आम्ही. ओळख असते ती रायफलीच्या दस्त्यावर रंगवलेल्या नंबराची.

गाव माझं इंझोरी, जिल्हा वाशिम. दीड वर्षापूर्वी भाचीच्या साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी, रजा टाकून आलो होतो. आदल्या दिवशी मी आणि मोठा भाऊ सकाळीच साड्या आणायला मंगरूळपीरला गेलो. दुपारी दोनच्या सुमारास एसटीने परतलो, तर आई ओसरीवरच बसलेली.

"तुह्या कारखान्यातला मानूस येऊन गेला," ती म्हणाली.

मी हसलो. एवढ्या लांबून कोण येतंय?

"हसू नोको. उंच होता, गोरापान. डाव्या भिवईत चीर. उजवा डोळा सारखा चोळून राह्यला होता. म्या म्हनलं, चोळू नोको बाप्पा, पानी मार. तं म्हने, दादाले सांगजा, एकेचाळीस नंबरच्या रायफलीचं माप घ्याचं राह्यलं."

अशा गोष्टींत लोकांच्या हातून पिशव्या पडतात, तसं काही झालं नाही. मी साड्यांची पिशवी नीट खुंटीला लावली... आणि मग आईला तो नंबर पुन्हा सांगायला लावला.

कारण ते खरं होतं. निघायच्या दिवशी हातात घेतलेली शेवटची रायफल एकेचाळीस नंबरची होती. तिला नवा बोल्ट, म्हणजे काडतूस मागून दाबून धरणारा खिट्टा, बसवला. असा बोल्ट बसवला की काडतुसामागे किती फट राहते, ते गेज घालून बघावंच लागतं. फट जास्त असेल तर गोळी झाडताना काडतूस फुटून झळ सरळ मागे, झाडणाऱ्याच्या तोंडावर येऊ शकते. गेज पलीकडच्या टेबलवर होतं आणि माझी ट्रेन पन्नास मिनिटांत. एकोणीस वर्षांत केलं नाही ते त्या दिवशी केलं — 'माप ठीक' लिहिलं, सही ठोकली आणि पळालो. ट्रेनमध्ये बसल्यावर विसरूनही गेलो. शप्पथ सांगतो, पार विसरलो होतो! मग झोपेत बडबडलो आणि आईने ऐकलं म्हणावं, तर जे डोक्यातच नव्हतं ते बडबडणार कसं?

समोरच्या ओट्यावर सकाळपासून तूर निवडत बसलेल्या काकूंना विचारलं.

"कोनीच नाई आलं बाप्पा," त्या म्हणाल्या. "तुही माय एकटीच बोलून राह्यली होती. मले वाटलं, वयानं होत असन."

आईने ते ऐकलं आणि तिचा चेहरा एवढासा झाला. मला फार वाईट वाटलं.

वर्कशॉपला फोन करायला निघालो तर भावाने हात धरला. "काहून सोताच्या पायावर धोंडा मारून घेतं? खोटी सही केली म्हनून तूच सांगशीन? नोकरी जाईन तुही. म्हातारीच्या बोलन्यावर?"

त्याचं अगदीच चूक नव्हतं. माझ्या दोन्ही मुली तेव्हा शिकत होत्या. पण मग आईला नंबर कुणी सांगितला?

गच्चीवर गेलो, फोन तिथेच लागतो. फोरमनसाहेबांना सगळं सांगितलं. म्हणजे आईचं सोडून सगळं. त्यांनी फोन धरूनच रजिस्टर बघितलं. मग म्हणाले, "ती रायफल फायरिंगला जाणाऱ्या गाडीत चढलीय. फोन ठेव." पाऊण तास मी उन्हात उभा होतो. आईला जिना चढवत नाही, तरी ती वर आली आणि शेजारी उभी राहिली. शेवटी फोन वाजला. रायफल गाडीतून उतरवून तपासली होती; फट जास्त असली तरच जे गेज आत जातं, ते सरळ आत गेलं होतं.

"आई, तू खरं बोलत होतीस," मी म्हणालो.

"मले मालूम हाय," ती म्हणाली.

मेमो मिळाला, चौकशी झाली, नोकरी वाचली. चूक कशी लक्षात आली, असं विचारलं तेव्हा 'अचानक आठवलं' असं लिहून दिलं. आईचं नाव कुठल्या रकान्यात घालणार होतो?

रजेवरून परतल्यावर ती रायफल मीच पुन्हा दुरुस्त केली. एरवी असं होत नाही, पण ती न्यायला तिचा जवान स्वतः आला. पहाडी मुलखातला, मराठीचा एक शब्द येत नव्हता, महाराष्ट्रात कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. उंच, गोरापान. डाव्या भिवईत चीर. दोन्ही डोळे ठणठणीत.

हा आमच्या घरी कसा आला, आणि आईशी आमच्या बोलीत कसा बोलला? मला माहीत नाही. आजही नाही. तुम्हाला कुणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा... फक्त माझ्या आईला वेडी ठरवणारं उत्तर नको.

त्या जवानाला हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. दुसरं मात्र सांगितलं. म्हणालो, "भाई, पिछली बार इस पर 'नाप ठीक' लिखा था, वो झूठ था. साइन मेरी थी."

तो एक पाऊल पुढे आला. वाटलं, आता कानाखाली बसते. त्याने रायफल टेबलवर ठेवली आणि माझ्याकडे सरकवली.

"एक बार मेरे सामने नाप लो," तो म्हणाला.

मी पलीकडच्या टेबलवरून गेज आणलं आणि बोल्ट उघडला. त्याने घाई केली नाही. टेबलाशी उभा राहून वाट बघत राहिला.