वेशीबाहेरचा पहिला नळ

माझ्या आतोबांइतका वाईट वकील नगर जिल्ह्याने पाहिला नसेल, आणि तरीही पक्षकारांची त्यांच्याइतकी गर्दी दुसऱ्या कुणाच्या ओसरीवर नसे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. प्रवरेकाठच्या त्यांच्या गावी मी शाळामास्तर म्हणून लागलो आणि त्यांच्याच घरी राहिलो. खटला जिंकण्यापेक्षा तो मिटवण्यात त्यांना गोडी. देवळालीचे दोन सख्खे भाऊ विहिरीच्या पाळीवरून एकमेकांची डोकी फोडायला निघाले होते. आतोबांनी दोघांना एका खोलीत बसवलं, मध्ये पिठलं-भाकरीचं एकच ताट ठेवलं, बाहेरून कडी घातली आणि स्वतः खुशाल झोपले. उन्हं कलल्यावर आतून हाक आली, "वकीलसाहेब, दार उघडा. आमचं मिटलं!" "काय ठरलं?" आतोबांनी विचारलं. "ठरलं काई न्हाई, पर मिटलं." दोघांची फी अर्थातच बुडाली.

बोलण्याची ढब मात्र घरीदारी कोर्टातलीच. आमटी अळणी झाली तर "या आमटीविरुद्ध माझी तक्रार आहे, पण आरोपीला सुधारायची संधी द्यावी," असं म्हणत. आत्या न हसता मिठाची वाटी पुढे सरकवी. बेचाळीसला तुरुंगात जाऊन आले ते वजन गमावून आणि आवाज कमावून. मग गावाने त्यांना नगरपालिकेचे अध्यक्ष केलं. एकदा त्यांच्या ठरावाविरुद्ध कुणी बोलेना, तेव्हा न्याय व्हावा म्हणून ते स्वतःच विरोधात उभे राहिले आणि इतकं पटवून बोलले की ठराव पडला.

नदीचं पाणी नळाने गावात आणण्याचा ठराव मात्र त्यांनी पडू दिला नाही. नळ आला, तेव्हा पहिली तोटी आपल्या दारात हवी म्हणून पेठेतल्या प्रत्येकाने वशिला लावला. आतोबांनी ती वेशीबाहेर बसवली. तिथल्या बायांना अस्पृश्य म्हणून गावच्या विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. कुणी वरून ओतेल तेव्हा त्यांची घागर भरायची. सभेत गहजब झाला. "आधी गाव की आधी वेशीबाहेर?" एका सभासदाने विचारलं. आतोबा शांतपणे म्हणाले, "ज्याचा दावा जुना, त्याची सुनावणी आधी." नळ सुटला त्या सकाळी त्यांनी तिथल्या एका म्हातारीपुढे ओंजळ धरली. ती मागे सरली. "नगं साहेब, लोक तुमास्नी वाळीत टाकतील." "आजी, तहान लागलीय," ते म्हणाले. तिने पाणी घातलं आणि ते सगळ्यांदेखत प्यायले.

म्हातारीला गाव आमच्यापेक्षा नीट कळत होतं. पुढच्या निवडणुकीत आतोबांना त्यांच्या स्वतःच्या आळीनेही मत दिलं नाही. ते त्यांनी हसून झेललं. पण त्याच हिवाळ्यात आत्याने संक्रांतीचं हळदीकुंकू मांडलं, तिळाच्या वड्या केल्या, दारात रांगोळी घातली, आणि दिवे लागायची वेळ झाली तरी एकही बाई उंबऱ्याशी आली नाही. आत्या ताटाशी बसून होती. आतोबा ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. अखेर आत येऊन खाली बघत म्हणाले, "हरलो मी, आणि शिक्षा तुला." एवढा हळू आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

आत्याने पदर खोचला, ताट उचललं आणि चालू लागली. आपल्या आळीतून, मिटलेल्या दारांपुढून, सरळ वेशीकडे. जन्मभर सोवळं पाळलेली ती बाई. आम्ही दोघे पुरुष ओसरीवर नुसते उभे राहिलो.

ती परतली तेव्हा अंधारलं होतं आणि ताट रिकामं होतं. कपाळ कुंकवाने माखलेलं. आतोबांकडे पाहून नेहमीच्याच कोरड्या आवाजात म्हणाली, "पुष्कळ जणी राहिल्यात. तीळ संपलेत, आणा."

आज दोघंही नाहीत. पण त्या संध्याकाळी, साऱ्या तालुक्याला गप्प करणारे आतोबा एक शब्दही न बोलता खुंटीवरची पिशवी काढून लगबगीने बाहेर पडले, ते अजून डोळ्यांपुढे येतात. चपला घालायचंही त्यांना भान नव्हतं.